सावध ग्राहक की जबाबदार नागरिक?

शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत अलीकडे एका नव्या व्याख्यानाची भर पडली आहे. विषय ‘सायबर सुरक्षा’. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी ‘सायबर जागरूकता दिवस’ पाळावा, अशी सूचनाही उच्च शिक्षणसंस्थांना देण्यात आलेली आहे. व्याख्याते बहुधा पोलीस खात्यातील एखादे अधिकारी असतात. ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी माणसाशी मैत्री करू नका, आलेली लिंक उघडू नका, मुलींनी आपली छायाचित्रे टाकू नयेत, अशी आठ-दहा निषेधांची यादी वाचून दाखविली जाते. फसवणुकीच्या दोन-चार हकिकती सांगितल्या जातात. पुष्पगुच्छ आणि आभारप्रदर्शन होते. समोर बसलेल्या शे-दोनशे विद्यार्थ्यांचे छायाचित्र सभागृह रिकामे होण्यापूर्वीच संस्थेच्या फेसबुक पानावर झळकते. त्या छायाचित्रातील मुला-मुलींची संमती कोणी विचारलेली नसते, आणि ती विचारायला हवी होती असे व्याख्याते, प्राचार्य किंवा विद्यार्थी यांपैकी कोणालाच वाटत नाही.

या व्याख्यानांचा काहीच उपयोग नाही, असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. भामट्यांचे मार्ग ठाऊक असलेले बरेच. प्रश्न वेगळा आहे. या यादीत विद्यार्थ्याकडे केवळ एक संभाव्य सावज म्हणून पाहिलेले असते. ज्या कंपन्या ही समाजमाध्यमे चालवितात त्यांच्या हिशेबी तर तो एक विक्रीयोग्य माल असतो. एकाने त्याला सावज मानावे, दुसऱ्याने माल मानावे, आणि शिक्षणसंस्थेने या दोहोंच्या मधे मूकपणे उभे राहावे, अशी आजची स्थिती आहे. त्याला नागरिक मानणारे, म्हणजे ज्याला हक्क आहेत, ज्याच्यावर कर्तव्ये आहेत आणि ज्याच्या कृतीचे परिणाम इतरांना भोगावे लागतात अशी व्यक्ती मानणारे कोणी उरलेले नाही. ‘डिजिटल नागरिकत्व’ हा शब्द आता शैक्षणिक परिभाषेत रुळू लागला आहे. परंतु त्यातील ‘डिजिटल’ या विशेषणावर जेवढा भर दिला जातो, तेवढा ‘नागरिकत्व’ या नामावर दिला जात नाही, ही खरी उणीव आहे.

फुकट वस्तूची किंमत

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. फुकट मिळणाऱ्या वस्तूचीही कोणी ना कोणी किंमत मोजतच असतो, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक पाठ आहे. हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहितीचा सुकाळ झाला की ती माहिती ज्या गोष्टीचा फडशा पाडते तिचा, म्हणजे माणसाच्या अवधानाचा, दुष्काळ पडतो. पुढे १९७८ मध्ये सायमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी हे सांगितले तेव्हा खिशातल्या फोनची कोणाला कल्पनाही नव्हती. आज मात्र दुर्मिळ झालेल्या या अवधानाचाच जगभर बाजार भरलेला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ या वर्षाचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक रक्कम जाहिरातींतून आलेली होती. हा एकच आकडा फळ्यावर लिहून वर्गात प्रश्न विचारावा : या व्यवहारात गिऱ्हाईक कोण, दुकानदार कोण आणि माल कोणता? पाच-दहा मिनिटांच्या चर्चेत विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते की, पैसे देणारा जाहिरातदार हा गिऱ्हाईक आहे, आणि जे विकले जात आहे ते त्यांचे स्वतःचे तास, त्यांच्या आवडीनिवडी आणि त्यांच्याविषयीची माहिती आहे.

एकदा हे उमगले की पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. एक चित्रफीत संपण्याच्या आत दुसरी का सुरू होते, मध्यरात्रीही फोन का किणकिणतो, आपण काल जे पाहिले त्याच्याच जातीचे आज अधिक भडक रूपात समोर का येते, या साऱ्यांमागे विद्यार्थ्याला अधिकाधिक वेळ खिळवून ठेवण्याचा एक सरळ हेतू आहे. हेतू कळला म्हणजे मोह लगेच सुटतो असे नव्हे. परंतु मोहाचा कर्ता कोण हे कळते, आणि आपणच दुबळ्या मनाचे आहोत ही अपराधी भावना कमी होते. ‘मोबाईलचे व्यसन’ म्हणून मुलांना झोडपणाऱ्या पालकांनीही हे समजून घेतले पाहिजे. एका बाजूला सोळा वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला हजारो तज्ज्ञ अभियंते, असा हा विषम सामना आहे.

लक्ष वेधून घेणे हाच जेथे नफ्याचा मार्ग, तेथे सत्याला खास भाव मिळण्याचे कारण नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांची त्यांनी छाननी केली होती. खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. पंधराशे लोकांपर्यंत पोहोचण्यास खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. विशेष म्हणजे हा फरक यंत्रांनी नव्हे, तर माणसांनीच घडविला होता. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते, हा ग्रेशमचा नियम आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. त्याचेच हे नवे उदाहरण होय.

सावज नव्हे, साधन

येथून आपण अधिक गंभीर मुद्द्याकडे येतो. विद्यार्थी हा केवळ फसविला जाणारा असतो असे नाही. नकळत किंवा बेफिकिरीने तो दुसऱ्याच्या नाशाचे साधनही होतो. निषेधांच्या यादीत या शक्यतेला कोठेच जागा नसते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने मुले पळविणाऱ्या टोळीतील समजून धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. पोटासाठी मुलूख हिंडणाऱ्या या माणसांचा गुन्हा कोणताही नव्हता. त्याआधी कित्येक दिवस मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश आणि चित्रफिती व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेल्या बोधपटाची होती. शेवटचा खुलासेवार भाग कापून टाकून तीच खऱ्या अपहरणाचा पुरावा म्हणून हातोहात पुढे गेली. राईनपाड्यात ज्यांनी हात उगारला त्यांचा गुन्हा उघड आहे. परंतु ज्या असंख्य लोकांनी ‘खबरदारी म्हणून’ तो संदेश चार-दोन गटांवर टाकला आणि मग ते जेवायला बसले, त्यांच्या वाट्याला त्या पाच मृत्यूंचा कितवा हिस्सा येतो? कायद्यापाशी याचे सोपे उत्तर नाही. शिक्षणाने मात्र हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणि त्याच रात्रीची दुसरी हकिकतही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या, कडेवर लहान मूल असलेल्या कुटुंबाला काही स्थानिक नागरिकांनी आणि पोलिसांनी जिवावर उदार होऊन वाचविले. अफवा तीच होती आणि लोकही आपल्यासारखेच होते. जमावातला एखादा माणूस थांबतो आणि ‘हे खरे कशावरून?’ असे विचारतो, तेव्हा केवढा फरक पडतो, हे या दोन गावांच्या उदाहरणांवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्यानाने होणार नाही.

या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि अशा संदेशांवर तशी खूण दिसू लागली. उपाय योग्यच होता. पण तो एका कंपनीने आपल्या सोयीने घेतलेला निर्णय होता. आपल्या समाजाने मात्र याहून जुना आणि अधिक मूलगामी उपाय एकेकाळी स्वीकारला होता. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण छापणे बंधनकारक केले. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला, तरी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे देणारी बारीक टाइपातील ओळ आजही छापली जाते. या मजकुराची जबाबदारी घेणारा कोणीतरी आहे, एवढाच त्या ओळीचा अर्थ. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा छापखाना ही मूठभरांच्या हाती असलेली शक्ती होती. आज अकरावीतल्या प्रत्येक मुलाच्या खिशात छापखाना आहे. तो मुद्रक आहे, प्रकाशक आहे, संपादकही आहे. मात्र त्या ओळीची जाणीव त्याला कोणी दिलेली नाही. पुढे पाठविलेल्या प्रत्येक संदेशाखाली अदृश्य अक्षरांत आपले नाव छापलेले आहे असे मानून वागणे, ही डिजिटल नागरिकत्वाची सर्वांत सोपी आणि सर्वांत कठीण कसोटी होय.

साधन होण्याचा दुसरा प्रकार थेट पैशाशी निगडित आहे. थोड्या कमिशनच्या आमिषाने आपले बँक खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणारे महाविद्यालयीन तरुण हे सायबर टोळ्यांचे ठरलेले लक्ष्य असते. कोणा निवृत्त शिक्षकाला ‘डिजिटल अटके’ची धमकी देऊन उकळलेली रक्कम अशा भाड्याच्या खात्यांतून फिरत फिरत दिसेनाशी होते आणि तपास सुरू झाला की प्रथम सापडतो तो खातेदार विद्यार्थी. ‘मला काही ठाऊक नव्हते’ हा बचाव तेव्हा पुरेसा ठरत नाही. भारतीय कायद्यात ‘अटक’ ही व्हिडिओ कॉलवर होत नाही, हे ज्येष्ठांना सांगणे जितके जरुरीचे, तितकेच आपले खाते भाड्याने देणे म्हणजे चोराला कोठार देणे होय, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगणे जरुरीचे आहे.

भीतीचा व्यापार

‘हे करू नका’ या शिकवणुकीचा सर्वांत मोठा भार मुलींवर पडतो. फोटो टाकू नको, उत्तर देऊ नको, रात्री ऑनलाइन दिसू नको. आणि एवढे करूनही कोणी त्रास दिलाच, तर घरातला पहिला उपाय म्हणजे फोन काढून घेणे आणि दुसरा म्हणजे कॉलेज बंद करणे. परिणाम असा की, कोणी तिच्या छायाचित्रात फेरफार करून धमकावू लागले, तर ती सर्वांत आधी ही गोष्ट आईवडिलांपासून आणि शिक्षकांपासून लपविते. धमकावणाऱ्याचे सारे भांडवल या लपविण्यातच असते. गुन्हेगार भीतीवर व्यापार करतो आणि आपण सज्जन माणसे त्या व्यापाराला भीतीचाच कच्चा माल पुरवितो, हे कटू असले तरी सत्य आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाचाही चेहरा कोणत्याही चित्रावर बसविता येतो. तेव्हा ‘फोटोच टाकू नको’ या उपदेशाला तर काहीच अर्थ उरलेला नाही. वर्गाच्या सामूहिक छायाचित्रातील चेहराही त्यासाठी पुरतो.

म्हणून मुलींना आणि मुलांनाही पहिली गोष्ट शिकवायची ती ही की, लाज गुन्हा करणाऱ्याने बाळगावी, गुन्हा सोसणाऱ्याने नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे दाद कोठे मागायची याची पक्की माहिती. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६६ ई नुसार कोणाच्याही खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे वा प्रसृत करणे हा गुन्हा आहे. अश्लील मजकूर प्रसृत करणाऱ्यावर कलम ६७ आणि त्यात बालकाचे चित्रण असल्यास कलम ६७ बी लागू होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग करणे हाही गुन्हाच आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर स्त्रिया व बालके यांच्याविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. पुरावा म्हणून संदेश पुसून न टाकता त्यांची चित्रे जपून ठेवावीत. तिसरी गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना नव्हे, आपल्याला शिकायची आहे. मुलगी तक्रार घेऊन आली, तर ‘तू मुळात त्याला उत्तर का दिलेस?’ हा प्रश्न प्रथम विचारायचा नाही.

हक्कही अभ्यासक्रमात हवेत

जबाबदारी शिकवताना हक्क वगळले, तर उरते ती केवळ आज्ञाधारकता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे एका तरुणीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. तेवढ्यावरून दोघींना अटक झाली. या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या, कायद्याचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ ए घटनाबाह्य म्हणून रद्द केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासातील हे एक महत्त्वाचे पान एका विद्यार्थिदशेतील तरुणीच्या धडपडीने लिहिले गेले, ही गोष्ट आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? दुर्दैव असे की, रद्द झालेल्या या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदविले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबविण्याचे पुन्हा आदेश द्यावे लागले. कायदा न्यायालयात मेला, तरी नागरिकांना त्याची वार्ता नसेल तर तो पोलीस ठाण्यात जिवंत राहतो.

तीच गोष्ट खासगीपणाची. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे हा कायदा सांगतो. मुलांविषयीची विशेष बंधने मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायद्याच्या त्रुटींवर चर्चा होऊ शकते, नव्हे ती वर्गावर्गांत व्हावी. परंतु कायदाच माहीत नसलेल्या पिढीकडून तिची अपेक्षा कशी करावी?

आधी आपले घर

येथे शिक्षणसंस्थांना स्वतःकडे वळून पाहावे लागेल. विद्यार्थ्यांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक, जन्मतारखा, कधीकधी जातीचा प्रवर्गही असलेल्या याद्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सर्रास टाकल्या जातात. परीक्षेचे गुण सर्वांसमक्ष जाहीर होतात. किरकोळ कामासाठी आधार कार्डाची प्रत एखाद्या खुल्या ऑनलाइन अर्जातून मागविली जाते आणि काम झाल्यावर त्या प्रतींचे काय झाले, हे कोणालाच सांगता येत नाही. शिष्यवृत्तीपासून वेळापत्रकापर्यंत प्रत्येक सूचना व्हॉट्सॲपवर देऊन आपणच त्याला फोनशी बांधतो आणि मग तो सतत फोनमध्ये असतो म्हणून कुरकुरतो. कनिष्ठ लिपिकाला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी वेगळी पद्धत शिकविलेली नाही, आणि वरून आलेली घाई त्याच्याच माथी बसते. परंतु संस्था जे करते तेच विद्यार्थी शिकतो. ती जे सांगते ते नव्हे. कोणती माहिती, कशासाठी आणि किती दिवस ठेवावयाची, याचा एक पानी नियम प्रत्येक संस्थेने करावा आणि तो सूचनाफलकावर लावावा. त्याला खर्च येत नाही.

फाइल नको, सवय हवी

आता शिकवायचे कसे? पहिला सुचणारा मार्ग बंदीचा. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला आहे. त्या कायद्यात शिक्षा मुलांना नसून जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे, ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु बंदीने फार तर प्रश्न पुढे ढकलला जातो. सोळावा वाढदिवस साजरा झाल्यावर त्या मुलाला विवेक कोठून मिळणार, याचे उत्तर बंदीपाशी नाही. शिवाय आपल्याकडे एकच फोन सारे घर वापरते आणि प्रवेशअर्जापासून निकालापर्यंत सर्व काही त्याच फोनवर येते. ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्के मुलांनी पाहणीआधीच्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी स्मार्टफोन वापरला होता, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरणारी सुमारे ५७ टक्के होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणारे खाते रोखण्याची वा त्याविरुद्ध तक्रार करण्याची रीत सुमारे ६२ टक्क्यांनाच, आणि आपले खाते खासगी ठेवण्याची रीत जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होती. वाहन हाती आले आहे आणि निम्म्या चालकांना ब्रेक कोठे आहे हे माहीत नाही, असाच याचा अर्थ.

दुसरा मार्ग नव्या सक्तीच्या विषयाचा. त्याचे काय होते, हेही आपण पाहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवी स्तरावर पर्यावरणशिक्षण सक्तीचे झाले. हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याची परिणती मागील वर्षीच्या फाइलवरून नवी फाइल उतरवून काढण्यात झाली. ओढ्याकाठच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने प्रदूषणावर वीस पाने लिहिली आणि ओढा होता तसाच राहिला. डिजिटल नागरिकत्वाची अशी आणखी एक फाइल तयार व्हावयाची असेल, तर न झालेली बरी.

खरे म्हणजे वेगळ्या तासिकेपेक्षा चालू विषयांतच ही दृष्टी मुरविणे अधिक फलदायी ठरेल. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने जाहिरातीच्या बाजारपेठेचा धडा द्यावा. इतिहासाच्या शिक्षकाने अस्सल कागद आणि बनावट कागद कसा ओळखतात, हे एखाद्या फिरत्या ‘ऐतिहासिक’ संदेशावर दाखवावे. साधनचिकित्सेची केवढी थोर परंपरा मराठी इतिहासलेखनाला लाभलेली आहे! गणिताच्या शिक्षकाने पाच जणांनी पाच-पाच जणांना पाठविलेला संदेश सहाव्या पायरीवर १५,६२५ जणांपर्यंत कसा जातो, हे मांडून दाखवावे. मराठीच्या शिक्षकाने ‘सर्वांनी वाचाच’, ‘प्रसारमाध्यमे हे दाखविणार नाहीत’ यांसारख्या वाक्यांची भाषा तपासावी आणि चिथावणीचे व्याकरण उलगडावे. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास सरकारी शाळांतून मुलांना खोट्या बातम्या ओळखण्याचे पाठ देण्यात आले. जिल्हा पातळीवर हे होऊ शकते, तर धुळ्यात किंवा सोलापुरात ते का होऊ नये?

एवढेही सुरुवातीला जमले नाही, तर आठवड्यातून एकदा, हजेरी घेऊन झाल्यावर, दहा मिनिटे द्यावीत. एका विद्यार्थ्याने त्या आठवड्यात आपल्याकडे आलेला एक संदेश सांगावा आणि वर्गाने चार प्रश्न विचारावेत. हा मूळ कोणी लिहिला? केव्हाचा आहे? यातून कोणाचा लाभ होतो? आणि हा खोटा निघाला, तर इजा कोणाला होईल? पहिले तीन प्रश्न चौकस ग्राहकाचे आहेत. चौथा नागरिकाचा आहे, आणि शिक्षणाचे खरे काम त्या चौथ्या प्रश्नापाशी सुरू होते. यासाठी गुण ठेवू नयेत, वही तपासू नये. सवय लागली म्हणजे पुरे. मात्र शिक्षकाने स्वतः शिक्षकांच्या गटावर सकाळीच पुढे ढकललेला संदेशही एखाद्या दिवशी या परीक्षेस बसवावा. त्याचा परिणाम दहा व्याख्यानांहून अधिक होईल.

१९७६ मध्ये आपल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेली ही वाक्ये विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात, कारण त्यांचा रोजच्या जगण्याशी संबंध कोठे येतो हे त्यांना दिसत नाही. तो संबंध आज त्यांच्या तळहातावर आलेला आहे. समोर आलेल्या मजकुराविषयी शंका घेणे हा वैज्ञानिक दृष्टिकोन. तो कोणाच्या जिवावर उठेल याचा विचार करणे हा मानवतावाद. बोट उचलण्यापूर्वीच्या एका क्षणात ही दोन्ही कर्तव्ये पार पडू शकतात. तो क्षण विद्यार्थ्याला मिळवून देणे, एवढेच शिक्षकाच्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.